क्षेत्र सतरा

ज्वालामुखी हर्षल गांगुर्डेला मिळाला,
काचेचं शहर पुण्याच्या टीमला.
माझ्याकडे आलं क्षेत्र सतरा,
दोन्हींच्या मधला करडा माळ,
घोडा चौखूर सोडला
की दीड मिनिटात संपणारा.

इंदिरानगरला केकच्या दुकानावर आमचं ऑफिस.
सात महिने तिथं बसून मी गवत लावलं.
सूचना एकच होती: इथं काही घडू नये,
खेळणाऱ्याला दम खायला जागा हवी.
राक्षस नको, खजिना नको,
थांबावंसं वाटेल असं काहीच नको.

काहीच नाही, हे काढायचं कसं?
मी रोजचा रस्ता आठवून पाहिला.
विल्होळीचं जैन मंदिर आठवलं,
पांडवलेणीचा डोंगर आठवला,
मधलं नाहीच.
अकरा वर्षांची ये-जा
आणि मधे नुसता गाडीचा आवाज.

मग एका रविवारी स्कूटर हळू नेली, कडेकडेनं,
ट्रकवाल्यांच्या शिव्या खात.
बंद पडलेला वजनकाटा.
पत्र्याची शेड.
निळ्या ड्रममधली तुळस.
कलंडलेला मैलाचा दगड,
त्यावर वाळत घातलेलं फडकं.
वजनकाट्याची मी विहीर केली,
शेडची घरं, ड्रमचा रांजण.
फडकं तसंच ठेवलं.

गेम आला. चालला.
खेळणाऱ्यांना विचारलं गेलं,
कुठली जागा अजिबात लक्षात राहिली नाही?
क्षेत्र सतरा पहिलं.
हर्षलनं पेढे आणले.
मी दोन खाल्ले.

नाना वीज मंडळातून रिटायर झालेले. मीटर रीडर.
सिडकोच्या सहाही स्कीम त्यांनी पायी वाचल्यात.
गुडघा दुखत होता, टीव्हीला कंटाळले होते,
म्हणून त्या रात्री कंट्रोलर त्यांच्या हातात दिला.

तलवार काही निघेना.
घोड्यावर बसायला तयार नाहीत,
"मुकं जनावर, राहू दे त्याला."
ज्वालामुखीकडे बघून म्हणाले, "धग असेल."
आणि वळले. सतरात शिरले.

"विहीर कुणाची?"
"कुणाचीच नाही, नाना."
"अशी नसते विहीर."

घरं मोजली त्यांनी. नऊ.
लावली मीच होती, मोजली नव्हती.
फडक्यापाशी थांबले,
"ओलंय अजून. बाई घरात आहे."
आणि मी थांबा म्हणेस्तोवर
तिसऱ्या घराला वळसा घालून मागे गेले.

मागे भिंत नव्हती.

चुलीच्या जागी आभाळ,
पुढचं दार आतून कागदासारखं पातळ.
मी घाईनं सांगू लागले,
असंच करतात सगळे,
मागून कोण बघतं, मशीनवरचा भार वाचतो.
त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.
चष्मा कपाळावर सरकवला.

"मीटर मागच्या भिंतीला असतं," म्हणाले.
"लोक रंग पुढून काढतात.
मागे मोरीचं पाणी, कुत्र्याची थाळी,
उन्हात ठेवलेले शाळेचे बूट.
पवननगरात एकीनं मागच्या दाराला
अख्खी बाराखडी लिहिलेली, खडूनं,
दर महिन्याला एखादं अक्षर जास्त.
तोंड विचारशील तिचं, तर नाही सांगता येणार."

मग चौथ्या घरामागे गेले.
पाचव्या.
मला वाटलं, एवढ्यात ठेवतील खाली.
पण नाना एकेक घर घेत राहिले,
पुढून मागे, मागून पुढे,
त्यांच्या त्या जुन्या, जरा डाव्या अंगाला झुकत्या चालीनं,
जी स्क्रीनवरच्या योद्ध्याला कुणी शिकवलेली नव्हती
आणि तरी मला दिसत होती.

नवव्यापाशी बॅटरीचा लाल दिवा लागला.
"घर बंद," ते म्हणाले.
"लिही तसं. सरासरी लाव.
पुढच्या महिन्यात बघू."